भाड्याच्या जमिनीवरचा चौक

इ. स. १५८६. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय दुआर्ते दि मेनेझिस याने एका दूरच्या वस्तीला शहराचा दर्जा देणारी सनद दिली. पोर्तुगालमधल्या एव्होरा शहराला जे हक्क होते तेच या वस्तीलाही मिळाले: आपला कारभार आपण चालवायचा, आपले कारभारी आपण निवडायचे. ही वस्ती चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, पर्ल नदीच्या मुखाशी असलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर होती. तिचे नाव मकाव. त्या सनदेने मान्यता मिळालेल्या नगरसभेसमोर पुढे जो चौक घडत गेला, तो ‘सेनादो चौक’ म्हणून आज जगभर ओळखला जातो. एका बाजूला नगरसभा, दुसऱ्या बाजूला कॅथलिक चर्च आणि हाकेच्या अंतरावर चिनी व्यापाऱ्यांचे देऊळ, अशी त्याची रचना आहे. २००५ मध्ये युनेस्कोने मकावच्या ऐतिहासिक भागाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात हा चौक आहे.

मराठी वाचकाला या चौकाशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडू शकेल. याच साच्याचे चौक आपल्याकडेही होते. वसईच्या किल्ल्यात, चौल-रेवदंड्याला, जुन्या गोव्यात पोर्तुगीजांनी अशाच नगरसभा आणि अशाच सेवासंस्था उभारल्या. त्यातले काही आज पडक्या भिंतींच्या रूपात उरले आहेत. मकावचा चौक मात्र आजही माणसांनी भरलेला असतो. एकाच मुळाची झाडे इतकी वेगळी का वाढली, याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मकावमध्ये पोर्तुगीज जमिनीचे मालक नव्हते, भाडेकरू होते.

तलवार, तह आणि भाडे

आल्फोन्सो दि अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा लढून घेतला. वसई १५३४ मध्ये मिळाली ती तहाने. मोगलांच्या धास्तीत सापडलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांच्या हवाली केली. मकावची गोष्ट निराळी. तिथे ना लढाई झाली, ना जमिनीवर पाणी सोडणारा तह. १५५७ च्या सुमारास शेजारच्या कँटन शहरातल्या चिनी अधिकाऱ्यांनी पोर्तुगीज व्यापाऱ्यांना राहू दिले आणि पुढे दरसाल ५०० ताएल (हे चिनी वजन) चांदी भुईभाडे म्हणून ठरले. हे भाडे १८४९ पर्यंत चालू होते. म्हणजे मिंग घराणे गेले, चिंग घराणे आले, पोर्तुगालवर स्पेनच्या राजांनी साठ वर्षे राज्य केले, तरी ही वस्ती उभी होती ती चीनच्या परवानगीवर.

ही परवानगी किती नाजूक होती, हे एका दरवाज्यावरून कळते. मकावचे भूशीर मुख्य भूमीला अरुंद पट्टीने जोडलेले आहे. १५७० च्या दशकात चिनी अधिकाऱ्यांनी या पट्टीवर भिंत आणि वेस उभारली. मकावमध्ये शेती नव्हतीच म्हणायची. तांदूळ, भाजी, मांस सगळे या वेशीतून येई. चिनी अधिकाऱ्यांना पोर्तुगीजांचे वागणे खटकले की वेस बंद व्हायची आणि शहराच्या चुली थंड पडायची वेळ यायची. तोफा पोर्तुगीजांकडे होत्या, धान्य चीनकडे होते. अशा गावात वादापेक्षा बोलणी स्वस्त पडतात.

चीनलाही ही वस्ती हवी होती. मिंग राजवटीने जपानशी थेट व्यापाराला बंदी केली होती, पण जपानी चांदीची चीनला गरज होती आणि चिनी रेशमाला जपानात मोठी मागणी. ही दलाली पोर्तुगीजांनी केली. दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास गोव्याहून मोठे जहाज निघे आणि मलाक्कामार्गे मकावला पोहोचे. कँटनच्या बाजारात रेशीम खरेदी होईपर्यंत महिनोन् महिने थांबावे लागे. पुढच्या उन्हाळ्यात ते नागासाकीला जाई आणि चांदी घेऊन परते. जहाज गोव्याला परत येईपर्यंत दोन-तीन वर्षे उलटत. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार बंद केले तोवर या एका मार्गावर मकाव श्रीमंत झाले होते.

साचा एकच

पोर्तुगीज जिथे जिथे वस्ती करत तिथे दोन संस्था हमखास उभ्या राहात. एक नगरसभा, म्हणजे ‘सेनादो’. शहरातले पोर्तुगीज घरंदाज लोक तिचे सभासद निवडत. बाजार, रस्ते, स्वच्छता, वजनमापे, स्थानिक कर आणि लहानसहान न्यायनिवाडा तिच्याकडे असे. दुसरी संस्था ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयाधर्माची बंधुसंस्था. दवाखाना चालवणे, अनाथ मुलांना आणि विधवांना आधार देणे, बेवारस प्रेतांना मूठमाती देणे ही तिची कामे होती. परदेशात मेलेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता त्याच्या वारसांपर्यंत पोहोचवण्याचे कामही तीच करी. गोव्यात मेलेल्या माणसाचे पैसे लिस्बनमधल्या त्याच्या आईला मिळू शकत ते या संस्थांच्या जाळ्यामुळे.

मकावमध्ये मिझेरिकॉर्दिया आली १५६९ मध्ये. बिशप मेल्कियोर कार्नेरो यांनी ती स्थापली. नगरसभा १५८३ मध्ये जमली आणि तीन वर्षांनी गोव्याच्या सनदेने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. मकाव तेव्हापासून १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत राहिले. गव्हर्नरची नेमणूक, मोठे खटले, सैन्याची कुमक, सगळ्यासाठी मकावकरांचे डोळे गोव्याकडे लागलेले असत. पण गोवा महिनोन् महिन्यांच्या अंतरावर, आणि कँटन अगदी शेजारी. त्यामुळे रोजचा कारभार खऱ्या अर्थाने नगरसभेने आणि चिनी अधिकाऱ्यांनी मिळून चालवला.

चौकात उभे राहिल्यावर

सेनादो चौक फार मोठा नाही, सुमारे ३,७०० चौरस मीटर. तोंडाशी रुंद आणि आत जाता जाता निमुळता. चालताना आधी नजर जाते ती जमिनीवर. पायाखाली काळ्या आणि फिकट दगडांच्या छोट्या चौकोनी तुकड्यांची फरसबंदी आहे. समुद्राच्या लाटा एकामागोमाग सरकत याव्यात तशी तिची नक्षी. हे लिस्बनच्या रस्त्यांवर दिसते तसे काम. पण ते जुने नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, मकाव चीनकडे सोपवण्याची तारीख ठरलेली असताना, पोर्तुगालहून दगड आणि कारागीर आणून ते केले. जाता जाता पोर्तुगीजांनी आपली खूण जमिनीत घट्ट बसवली आणि चीनने ती नंतर जपली.

चौकाच्या दक्षिणेला, रस्त्यापलीकडे नगरसभेची इमारत आहे. ही जागा १७८४ मध्ये घेतली गेली. त्याआधी इथे एक मंडप होता. चिनी अधिकारी शहरात आले की या मंडपात बसत, बादशाही हुकूम वाचून दाखवत आणि पोर्तुगीज कारभाऱ्यांशी बोलणी करत. चौकाचे चिनी नाव आजही त्याच बैठकीच्या मंडपावरून आहे. इमारतीत शिरल्यावर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाइल्सच्या भिंती लागतात. वरच्या मजल्यावर कोरीव लाकडी कपाटांचे ग्रंथालय आहे. ते पोर्तुगालमधल्या माफ्रा इथल्या मठाच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर १९२९ मध्ये सजवले. दरवाज्यावरच्या लेखात या शहराइतके निष्ठावान दुसरे शहर नाही, असा गौरव कोरलेला आहे. स्पेनचा राजा पोर्तुगालच्या गादीवर असताना मकावने पोर्तुगीज निशाणच फडकत ठेवले, त्याची ही पोचपावती.

चौकाच्या उजव्या हाताला मिझेरिकॉर्दियाची पांढरीशुभ्र, कमानींची इमारत आहे. आत सरळ चालत गेले की पिवळसर भिंतींचे, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचे सेंट डॉमिनिक चर्च समोर येते. १५८७ मध्ये मेक्सिकोतून आलेल्या तीन स्पॅनिश डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्याची सुरुवात केली. चीनच्या भूमीवरचे पहिले पोर्तुगीज वृत्तपत्र, ‘आ अबेल्या दा चिना’, म्हणजे ‘चीनची मधमाशी’, १८२२ मध्ये याच चर्चच्या आवारात छापले गेले.

चर्चच्या शेजारच्या गल्लीत, बाजाराच्या गजबजाटात, ‘साम काय वुई कून’ हे छोटेसे देऊळ आहे. तीन रस्त्यांवरच्या चिनी दुकानदारांची ही बैठकीची जागा. भांडणतंटे मिटवणे, भाव ठरवणे, नव्या सरकारी हुकमांवर विचार करणे, हे सगळे इथे चाले. पुढे चिनी व्यापाऱ्यांचा रीतसर संघ स्थापन झाला आणि हे काम तिकडे गेले. देव इथला क्वान ताय. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतला हा चिनी सेनापती दिलेल्या शब्दाला जागल्यामुळे देव झाला, आणि उधारीवर व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्याला आपला मानला. पोर्तुगीजांची नगरसभा चौकाच्या एका टोकाला, चिनी बाजाराची ही अनौपचारिक नगरसभा दुसऱ्या टोकाला. शहराचा गाडा या दोन्हींमधून चालत असे.

इथून जवळच लू काव या चिनी सावकाराचे घर आहे. ते १८८९ मधले. राखाडी विटांच्या या घरात आत उघडे चौक आहेत, त्यातून उजेड आणि वारा खाली उतरतो. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा पाहिलेल्या माणसाला हे घर परके वाटणार नाही. पाहुणा कुठवर येणार, घरच्या बायका कुठे वावरणार, हे दोन्ही ठिकाणी चौकांनीच ठरवले आहे. लू कावच्या घरात फरक दिसतो तो बारकाव्यांत. चिनी लाकडी जाळीशेजारी रंगीत काचांच्या युरोपीय खिडक्या आहेत आणि ओतीव लोखंडाचे कठडे आहेत. दोन जगांचा हा मिलाफ सरकारी हुकमाने झाला नाही. घरमालकाला आवडले, कारागिराला जमले आणि ते केले गेले.

दोन कारभार, एक गाव

मकावमध्ये पोर्तुगीज कायदा पोर्तुगीजांना लागू, आणि चिनी रहिवाशांवर चिनी अधिकाऱ्यांची सत्ता. चिनी जकात नाकेही शहरात होते. या दोहोंमध्ये दुवा होता तो नगरसभेचा ‘प्रोकुरादोर’. तो पोर्तुगीजांनी निवडलेला माणूस, पण चिनी दरबार त्याला आपल्याच अधिकाऱ्यांच्या उतरंडीतला एक कनिष्ठ अधिकारी समजत असे. दरबाराकडे अर्ज करताना त्याला विनंतीची भाषा वापरावी लागे. पोर्तुगीज अभिमानाला हे टोचत असणार, पण व्यापार चालू राहात होता. १७४९ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी शहरासाठी नियमावली ठरवून ती दगडावर कोरायला लावली.

अशा व्यवस्थेत दुभाषे, दलाल, जहाजावरचे लोक, मिश्र कुटुंबे यांचे महत्त्व वाढले. या कुटुंबांत गोव्याच्या, मलाक्काच्या, जपानच्या आणि चीनच्या बायका होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्वयंपाकघरेही. गोव्यात कोळंबीचे आंबट-तिखट बल्चांव होते, तर मकावमध्ये ‘बालिशांव’ नावाची कोळंबीची मुरवण जेवणात असते. गोव्यातली बेबिंका थरावर थर भाजून करतात. मकावमध्ये त्याच नावाखाली दुधाची खिरीसारखी गोड वडी मिळते. मकावमधल्या मंदारीन हाऊस या जुन्या चिनी घरात खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतात. गोव्यातल्या जुन्या घरांत अशाच खिडक्या आहेत. ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येते, डोळ्यांना टोचत नाही. उलट दिशेने चिनी मातीची निळी-पांढरी भांडी गोव्यात आली. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा घरासारख्या वाड्यांत ती आजही मांडून ठेवलेली आहेत.

समतोल बिघडला तेव्हा

पहिल्या अफूच्या युद्धात ब्रिटिशांनी चीनला नमवले आणि हाँगकाँग घेतले. मग मकावच्या पोर्तुगीजांनाही मालक व्हावेसे वाटले. गव्हर्नर फेरेइरा दु आमाराल याने १८४९ मध्ये भुईभाडे देणे थांबवले, चिनी जकात नाके हटवले. त्याच वर्षी २२ ऑगस्टला वेशीजवळ त्याचा खून झाला. तीन दिवसांनी मेस्किता नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वेशीपलीकडच्या चिनी ठाण्यावर हल्ला करून ते जिंकले. पोर्तुगीजांसाठी तो वीर ठरला, आणि १९४० मध्ये त्याचा तलवार उपसलेला पुतळा सेनादो चौकात उभारण्यात आला.

जी जागा बोलणी करण्यासाठी होती तिथे आता एका बाजूच्या विजयाचे स्मारक आले. चिनी रहिवासी रोज त्या पुतळ्याखालून बाजाराला जात. १९६६ च्या अखेरीस ताइपा बेटावरच्या एका शाळेच्या बांधकामावरून वाद पेटला. ३ डिसेंबरला जमाव चौकात शिरला, दोरखंड लावून त्याने मेस्किताचा पुतळा खाली खेचला. त्यानंतरच्या गोळीबारात माणसे मेली. जानेवारी १९६७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरने चिनी व्यापारी संघाकडे जाऊन जाहीर माफी मागितली. पुतळा पुन्हा उभारला गेला नाही. आज चौकात कारंजे आहे. २० डिसेंबर १९९९ रोजी मकाव शांततेत चीनकडे गेले. पोर्तुगीज भाषेचा अधिकृत दर्जा राहिला, चर्च राहिले, नगरसभेच्या इमारतीत आजही शहराचे नागरी खाते काम करते.

वसईचा चौक

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वसईच्या किल्ल्यात तटाच्या आत एक संपूर्ण पोर्तुगीज शहर होते. तिथेही नगरसभा, मिझेरिकॉर्दिया, येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशी चर्चे आणि मठ होते. उत्तर प्रांताची ही राजधानी. पण वसईत पोर्तुगीज मालक होते आणि आसपासच्या प्रजेशी त्यांचे नाते सक्तीचे होते. धर्मांतराचा जाच आणि देवळांची मोडतोड यांमुळे असंतोष साचत गेला. चिमाजी अप्पांच्या फौजेने महिनोन् महिने वेढा घातला, सुरुंग लावून बुरूज उडवले, आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांकडे आले.

चिमाजी अप्पांचे आणि बारामतीचे नाते जवळचे. त्यांची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईक-जोशी घराण्यात, आबाजी नाइकांना दिलेली. कवी मोरोपंत पुढे याच नाइकांच्या आश्रयाला बारामतीत राहिले. वसईची बातमी नाइकांच्या वाड्यात पोहोचली असेल तेव्हा ती घरच्या माणसाच्या पराक्रमाची बातमी होती.

विजयानंतर किल्ल्यात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ आले. चर्चच्या घंटा मराठा मुलखातल्या देवळांत गेल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला अशी एक मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२९ हा आकडा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही वसईची घंटा टांगलेली आहे. ओतीव धातूची ती जड घंटा जवळून पाहिली तर तिच्यावर मरियम आणि बाळ येशू दिसतात. खाली कृष्णेचा घाट आणि नाना फडणिसांचा वाडा. एकाच वस्तूत दोन धर्म भेटतात, पण ही भेट बोलण्यातून झालेली नाही, युद्धातून झाली आहे.

वसईचे शहर मात्र पुन्हा उभे राहिले नाही. व्यापार मुंबईकडे गेला, १७८० मध्ये ब्रिटिशांनी किल्ला घेतला, आणि नगरसभेच्या, मठांच्या भिंतींवर झाडे उगवली. मिलाफ टिकला तो किल्ल्याबाहेर, माणसांत. वसईतला सामवेदी ख्रिस्ती समाज घरी कादोडी बोलतो, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रेवदंड्यापलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमधून निपजलेली बोली आजही घरोघरी ऐकू येते. चौल शहर गेले, बोली राहिली, कारण ती रोज वापरली जाते.

वापरातला वारसा

सेनादो चौकातही खरी गोष्ट वापराचीच आहे. चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, बुद्धजयंतीला, मकावचे मासळी विक्रेते ‘साम काय वुई कून’समोर जमतात. लाकडी ड्रॅगनचे डोके आणि शेपूट हातात घेऊन, तोंडातून मद्याचे फवारे उडवत नाचत निघतात. १३ मे रोजी सेंट डॉमिनिक चर्चमधून फातिमा मातेची मिरवणूक निघते, पांढऱ्या वेशातल्या मुली आणि मेणबत्त्या घेतलेले भाविक टेकडीवरच्या चर्चपर्यंत चालत जातात. काही वर्षी हे दोन्ही उत्सव थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात. कोणीही दुसऱ्याची वाट अडवत नाही. हे सौजन्य एका दिवसात आलेले नाही. शतकानुशतके रोज एकमेकांकडून मासळी, कापड, औषध विकत घेतल्यामुळे ते मुरले आहे.

बारामती आणि इंदापूरच्या वाचकाने हे प्रकरण आपल्या गावाकडे पाहत वाचावे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. बारामतीत नाइकांचा वाडा आहे, मोरोपंतांच्या आठवणी आहेत, कऱ्हेचा घाट आहे. अशा जागांची डागडुजी होते तेव्हा दगड, चुना आणि रोषणाई यांचा विचार आधी होतो. मकाव आणि वसई शेजारी ठेवून पाहिले तर आधी विचारायचा प्रश्न वेगळा निघतो. या जागेत रोज कोण येते, कशासाठी येते, आणि वेगवेगळ्या घरांतली माणसे तिथे एकमेकांना भेटतात का? बाजार, बैठक, उत्सव, वाचनालय, काहीही असो, ज्या जागेत गावातल्या सगळ्यांना काम पडते ती जागा गाव स्वतः सांभाळते. ज्या जागेवर एकाच बाजूचा विजय उभा केला जातो, तिथे दुसरी बाजू दोरखंड घेऊन येण्याची वेळ कधी ना कधी येते. म्हणून गढीचा आराखडा करायला बसणाऱ्या नगरपालिकेने त्या टेबलाशी वास्तुतज्ज्ञाबरोबर भाजीवाल्याला, दर्ग्याच्या सेवेकऱ्याला आणि शाळेच्या मास्तरांनाही बोलवावे. जुना चौक जिवंत ठेवण्याची सुरुवात तिथून होते.